गावात धड नेट आणायचंय? टॉवरच्या मागे लागायच्या आधी हे करा

नुसतं 'आमच्याकडे नेट येत नाही' म्हणून अर्ज दिला की कुणी हलत नाही, आधी हातात आकडे पाहिजेत. आठवडाभर वेगवेगळ्या घरांतून स्पीड टेस्ट घ्या, सकाळी, दुपारी आणि मेन म्हणजे रात्री ८ ते १० च्या दरम्यान जेव्हा सगळेच मोबाईल घेऊन बसतात. डाउनलोडसोबत अपलोड आणि पिंगपण (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) लिहून ठेवा, व्हिडिओ कॉल अडकतो तो बऱ्याचदा अपलोडमुळेच. तुलनेला माप हवं असेल तर अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, २०२४ मध्ये ठरवलेलं आहे, १०० एमबीपीएस डाउनलोड आणि २० अपलोड, त्याच्या खाली ते ब्रॉडबँड धरतच नाहीत.

दुसरं, किती घरं कनेक्शन घेणार ते लेखी घ्या. फायबर टाकताना मोठा खर्च वायरचा नसतो हो, खोदाईचा आणि परवानग्यांचा असतो, आणि तिथेच गाव मदत करू शकतं. इंग्लंडच्या लँकशायर भागात २०११ पासून लोकांनी हेच केलं, शेतकऱ्यांनी आपल्या रानातून फुकट वाट दिली, चर स्वतः खणले आणि घरोघरी फायबर नेलं.

तेवढी ताकद नसेल तर जवळात जवळ फायबर कुठपर्यंत आलंय ते शोधा. शाळा, दवाखाना, मोबाईल टॉवर, कुठेतरी आलेलं असू शकतं. तिथून गावापर्यंत ५ गिगाहर्ट्झची वायरलेस लिंक टाकता येते, दोन टोकांना दोन डिश. आधी तुमच्या देशात हा बँड (लहरींचा पट्टा) विनापरवाना वापरता येतो का आणि पुढे घरोघरी नेट वाटायला लायसन्स लागतं का हे नक्की बघून घ्या.

आता इथे सगळे फसतात. समोरची डिश डोळ्याला दिसली म्हणजे झालं असं नाही. सिग्नल दोरीसारखा सरळ जात नाही, मध्ये फुगतो, त्या फुगवट्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ५ किलोमीटरच्या लिंकला अगदी मधोमध हा फुगवटा रेषेच्या चहूबाजूंनी साधारण ८ मीटर असतो आणि त्यातला निदान ६० टक्के, म्हणजे ५ मीटरच्या आसपास, मोकळा पाहिजे. आम्ही पहिली लिंक लावली ती उन्हाळ्यात, दोन झाडांच्या मधून मस्त दिसत होतं, सिग्नल उणे ६२ डीबीएम (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला), सगळे खूश. पाऊस सुरू झाला, झाडं पानांनी भरली, ओली पानं सिग्नल खातात, आणि आकडा गेला उणे ८१ वर, नेट दर दहा मिनिटांनी बंद. शेवटी डिश गच्चीवरून काढून पाण्याच्या टाकीवर नेली तेव्हा सुटलो. त्यामुळे झाडं आज केवढी आहेत ते बघू नका, पाच वर्षांनी केवढी होतील ते बघा.

एकटंदुकटं लांबचं घर असेल तर त्याच्यासाठी लिंक ओढत बसू नका, सॅटेलाइट बरं. त्यातही खालच्या कक्षेतलं घ्या, स्टारलिंकचे उपग्रह साधारण पाचेकशे किलोमीटरवर आहेत आणि जुन्या पद्धतीचे जवळपास ३६,००० वर, तिथून सिग्नल जाऊन यायलाच अर्धा सेकंद लागतो, मग बोलणं एकमेकांवर आदळतं.

लाइट जाते तिथे दोन्ही टोकांना बॅटरी लावाच, एका टोकाला लावून काही उपयोग नाही. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक येणारा झटका अडवणारं साधन) नसेल तर जवळपास वीज पडली की रेडिओ, म्हणजे डिशला जोडलेलं सिग्नलचं यंत्र, जाऊ शकतो. एक रेडिओ आणि एक अडॅप्टर जादा ठेवा, आणि गावातल्या दोघा-तिघांना डिश अलाइन करायला, म्हणजे समोरच्या डिशवर नेमकी रोखायला, शिकवा, पोरींनापण, एकच जाणकार असला आणि तो परगावी गेला की अख्खं गाव बंद. लिंक चालू झाली त्या दिवशीचा सिग्नलचा आकडा डिशच्या खांबाजवळ लिहून ठेवा, पुढे नेट स्लो झालं की पहिल्यांदा तोच आकडा ताडून बघायचा, मगच कंपनीला फोन.