छोटा धंदा ऑनलाइन न्यायचाय? मग जाहिरात सगळ्यात शेवटी करा

ऑनलाइन धंदा सुरू करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी लोगो बनवून घेतात, मग इन्स्टावर पेज, मग पाच-सहा पोस्ट, आणि आठवडाभरात कोणी विचारलं नाही की पोस्टखालचं ते बूस्टचं (पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं) बटण दाबतात. पैसे जातात, लाइक्स येतात, ऑर्डर काही येत नाही, आणि मग सगळीकडे सांगत फिरायचं की ऑनलाइनमध्ये काही दम नाही. दम आहे हो, क्रम उलटा झालाय फक्त. जाहिरात माणसाला दारापर्यंत आणून सोडते, पण आत आल्यावर त्याला किंमत दिसत नसेल, मेसेजचं उत्तर दुसऱ्या दिवशी मिळत असेल आणि माल कधी पोचणार हे कुठेच लिहिलेलं नसेल तर तो परत जाणारच ना. म्हणून आधी आतलं नीट करून घ्या.

सुरुवात गूगलपासून करा. तुमचं दुकान असेल किंवा तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करत असाल तर गूगल बिझनेस प्रोफाइल काढा, म्हणजे गूगलच्या शोधात आणि मॅपवर तुमच्या धंद्याची माहिती दाखवणारं पान, फुकट आहे (२०२१ पर्यंत त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे, अजूनही बरेच जण तेच नाव घेतात). फक्त ऑनलाइन विकत असाल, गिऱ्हाइकाशी समोरासमोर गाठच पडत नसेल, तर हे प्रोफाइल तुमच्यासाठी नाही, उगाच खोटा पत्ता टाकून काढायला जाऊ नका. घरून निघून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात सेवा देता ते दाखवता येतं. नाव मात्र बोर्डावर जे आहे तेच टाका. नावाच्या पुढे "स्वस्त, बेस्ट, नंबर वन" असं काहीतरी चिकटवायचा मोह सगळ्यांना होतो, पण ते नियमात बसत नाही आणि त्यापायी प्रोफाइल बंद होऊ शकतं. कॅटेगरी जितकी नेमकी निवडाल तितकं बरं. गूगल स्वतःच सांगतं की जवळपासच्या शोधात कोण वर दिसणार हे तीन गोष्टींवर ठरतं: शोधणाऱ्याला हवं ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही किती लांब आहात, आणि तुमचं नाव कितपत झालेलं आहे. अंतर काही तुमच्या हातात नाही, उरलेल्या दोन गोष्टी आहेत. वेळा खऱ्या टाका, सुट्टी असेल त्या दिवशी बदला, कारण गूगलवर उघडं दाखवतंय म्हणून आलेला माणूस कुलूप बघून गेला की तो शिव्या घालणार आणि वर एक स्टार देऊन जाणार.

रिव्ह्यूचं जरा सविस्तर सांगतो. रिव्ह्यू मागायची वेळ म्हणजे काम झाल्यावर माणूस खूश असतो तीच, दोन आठवड्यांनी नाही. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची थेट लिंक मिळते, ती फोनमध्ये सेव्ह करून ठेवा आणि काम झालं की "आवडलं असेल तर दोन ओळी लिहाल का" म्हणून लगेच पाठवा. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट किंवा भेट द्यायची नाही, ते गूगलच्या नियमाविरुद्ध आहे, आणि मित्रमंडळींना सांगून एका संध्याकाळी दहा रिव्ह्यू टाकून घेणं तर अजिबात नको, वाचणाऱ्याला ते ओळखू येतं. वाईट रिव्ह्यू आला की वाद घालू नका, तुमचं उत्तर त्या एका माणसापेक्षा नंतर वाचणाऱ्या सगळ्यांसाठी असतं. समजा कोणी लिहिलं, "माल उशिरा आला, फोन पण उचलत नाहीत". त्यावर "आमच्याकडे असं कधी होत नाही" लिहिलंत की संपलं. त्यापेक्षा असं लिहा: "उशीर झाला हे खरं आहे, माफ करा. आमच्याकडून माल दोन दिवस उशिरा निघाला. आता ऑर्डर निघाली की त्याच दिवशी ट्रॅकिंग नंबर पाठवतो. तुमचा ऑर्डर नंबर मेसेज करा, डिलिव्हरीचे पैसे परत करतो." हे वाचून नवीन माणसाला कळतं की इथे चूक झाली तर कोणीतरी निस्तरतं.

मग व्हॉट्सअ‍ॅप. पर्सनल नंबरवर धंदा नको, वेगळा नंबर घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, २०१८ पासून आहे, फुकट आहे. कॅटलॉग भरा, प्रत्येक वस्तूला किंमत टाका. "किंमतीसाठी इनबॉक्स करा" हा प्रकार मला पटतच नाही, लोकांना विचारायला संकोच वाटतो आणि ते सरळ पुढच्या पेजवर जातात. रोज तेच तेच प्रश्न येतात, डिलिव्हरी किती दिवसांत, बदलून मिळेल का, पैसे कसे द्यायचे, त्याची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये भरून ठेवा म्हणजे टाइप करत बसावं लागत नाही. रात्री किंवा सुट्टीला अवे मेसेज (आपोआप जाणारं उत्तर) लावा, पण "लवकरच संपर्क करू" असलं मोघम नको, "उद्या सकाळी दहानंतर उत्तर देतो" असं लिहा आणि खरंच द्या. लेबल वापरा: नवीन चौकशी, पैसे आले, माल गेला. धावपळीत ऑर्डर विसरायची भीती निम्मी कमी होते.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर यादी करून एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवण्याबद्दल, एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. एका यादीत २५६ पर्यंत नंबर घालता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या वेळीच "आमचा नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन माल आला की कळवतो, चालेल ना?" असं विचारा. हो म्हटलं तरच यादीत घाला. कुठून तरी मिळवलेल्या नंबरांवर मेसेज मारत सुटाल तर लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात आणि तुमचाच नंबर बॅन होऊ शकतो.

आता पोस्ट. फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही, दिवसा खिडकीजवळ ठेवून, फ्लॅश बंद करून, मागे साधा कपडा किंवा भिंत घेऊन काढा. आधी फोनची लेन्स पुसा. एक फोटो पूर्ण वस्तूचा, एक जवळून शिवण किंवा पोत दिसेल असा, आणि एक हातात धरलेला म्हणजे आकार कळतो. खरी माती खातात लोक ती मजकुरात. समजा तुम्ही कापडी बॅगा शिवता. "नवीन कलेक्शन आलंय!! लवकर ऑर्डर करा!!" हे वाचून कोणाला काय कळलं? त्याऐवजी: "या बॅगेत १५ इंची लॅपटॉप, पाण्याची बाटली आणि डबा बसतो. पट्टा दुहेरी शिवलाय. आतला खिसा चेनचा. मशीनमध्ये धुता येते, पण पहिल्यांदा वेगळी धुवा, रंग थोडा जातो. तीन रंग आहेत, ऑर्डर दिल्यावर चार दिवसांत निघते." रंग जातो हे आधीच सांगितलंत तर नंतरचं भांडण वाचतं. आणि रोज पोस्ट टाकलीच पाहिजे असं काही नाही, आठवड्याला दोन चांगल्या टाका, पण कमेंट आणि मेसेज मात्र रोज बघा.

इन्स्टा, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सगळं वापरा, पण धंदा फक्त त्यांच्यावर टांगून ठेवू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला हे तिन्ही एकदम बंद पडले होते, सुमारे सहा तास, आणि ज्यांची ऑर्डर घ्यायची दुसरी जागाच नव्हती ते नुसते बघत बसले. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून फुकट बनणाऱ्या वेबसाइटही मार्च २०२४ मध्ये गूगलने बंद केल्या. म्हणून स्वतःचं डोमेन (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) घ्या, एका पानाची साइट असली तरी चालेल, काय विकता, किंमत, संपर्क, परत करायचे नियम, एवढं पुरे. आणि डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर रजिस्टर झालंय ना हे बघा, साइट बनवणाऱ्याच्या नावावर नको, कारण त्याच्याशी बिनसलं की तुमचंच नाव तुम्हाला सोडवून घ्यावं लागतं. गिऱ्हाइकांचे नंबर आणि ईमेल वेगळ्या शीटमध्ये ठेवा. सगळ्या अकाउंटना टू स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डसोबत आणखी एक कोड किंवा पिन) आजच लावा, पेज हॅक झाल्यावर परत मिळवताना नाकी नऊ येतात.

एवढं सगळं झालं की मग जाहिरात. बूस्टचं बटण सोपं आहे, पण मेटाच्या (फेसबुक, इन्स्टावाली कंपनी) अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये जाहिरातीचा उद्देश नीट निवडता येतो, मेसेज हवेत की वेबसाइटवर लोक हवेत की विक्री, आणि नुसत्या लाइक्ससाठी पैसे घालू नका. जी पोस्ट फुकटात चांगली चालली तिचीच जाहिरात करा. आणि हिशोब करा: समजा हजार घातले, त्यातून चाळीस मेसेज आले, त्यातले चार जण घेऊन गेले, म्हणजे एका ऑर्डरला अडीचशे पडले. माल, पॅकिंग, डिलिव्हरी जाऊन एका ऑर्डरमागे तीनशे उरत असतील तर हातात पन्नास राहिले, दोनशे उरत असतील तर प्रत्येक ऑर्डरला तुम्ही पदरचे पन्नास घालताय. अशा वेळी लगेच जाहिरातीला नावं ठेवू नका, उरलेले छत्तीस जण काय विचारून गेले ते मेसेज उघडून वाचा. बरेचदा तिथेच दिसतं की सगळे डिलिव्हरीचा खर्च ऐकून थांबलेत, मग तो किंमतीतच धरून बघा. पहिल्यांदा थोडेच पैसे घाला, आठवडाभर चालू द्या, मधेच रोज सेटिंग बदलत बसू नका.

पैशांच्या बाबतीत एक नियम कायम पाळा, पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे, खात्यात पैसे आलेले स्वतः बघितल्याशिवाय माल हलवायचा नाही, समोरचा कितीही घाई करू दे. महाग किंवा नाजूक वस्तू असेल तर पॅक करतानाचा व्हिडिओ काढा, पत्त्याच्या लेबलसकट. आणि प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला "आमच्याबद्दल कुठून कळलं?" हे विचारून शीटमध्ये त्याच्या नावापुढे लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी बघा, निम्मे लोक जुन्या गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून आलेले असतील तर पुढच्या महिन्याचे जाहिरातीचे पैसे कमी करून त्या जुन्या गिऱ्हाइकांना पुढच्या ऑर्डरवर काहीतरी सूट द्या.