लघुउद्योगाचे कर्जप्रकरण वाचताना

बँकेच्या कर्ज विभागात नेमणूक झाल्यावर सुरुवातीचे काही महिने मी उद्योगांची प्रकरणे ताळेबंदावरूनच वाचत असे. चालू गुणोत्तर (वर्षभरात हाती येणारी मालमत्ता भागिले वर्षभरात फेडायची देणी) १.३३ च्या वर आणि सलग तीन वर्षे नफा दिसला की माझी टिपणी अनुकूल होई. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपच्या पाहणीनंतर मला ही पद्धत सोडावी लागली, आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी तोच अनुभव आधी सांगतो.

त्या कारखान्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ३८ लाखांचा माल होता आणि त्यावरूनच मी कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसे पैसे काढण्याच्या कर्जाची, उचल मर्यादा काढली होती. प्रत्यक्षात शेडमध्ये रचलेल्या कास्टिंगांवर पिवळ्या रंगात दुसऱ्याच कंपनीची खूण होती. जॉबवर्कसाठी, म्हणजे केवळ मजुरीवर काम करून देण्यासाठी, आलेला तो माल मशीनिंग करून परत जाणार होता. मालकाच्या हाती केवळ मजुरी येणार होती. हिशेबनिसाने फसवण्याच्या हेतूने काही केले नव्हते, गोदामात जे दिसले ते त्याने लिहिले होते. चूक माझीच होती, कारण माल कोणाकडून आला हे दाखवणाऱ्या डिलिव्हरी चलनांची फाइल मी मागितलीच नव्हती. मर्यादा एकदम खाली आणली असती तर कामगारांचे पगार अडले असते, म्हणून वरिष्ठांच्या संमतीने ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी केली. तेव्हापासून माल कोणाचा, त्याचे पैसे दिले आहेत का आणि तो किती दिवस पडून आहे, हे मी शेडमध्ये उभे राहूनच विचारतो. सोबत बारा महिन्यांची वीजबिले पाहतो. विक्री दीडपट झाली असे कागद सांगत असताना युनिट तेवढीच असतील, तर त्याचे कारण समजल्याशिवाय पुढे जात नाही.

खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे रोजचा कारभार चालवायला लागणाऱ्या पैशासाठी, रिझर्व्ह बँकेने १९९१ साली नेमलेल्या नायक समितीचे सूत्र नवख्याला पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते. अंदाजित उलाढाल २ कोटी असेल तर गरज २५ टक्के, म्हणजे ५० लाख. त्यांपैकी ४० लाख बँकेचे आणि १० लाख उद्योजकाचे. मात्र या हिशेबात पैसा वर्षातून चार वेळा फिरतो असे गृहीत धरलेले आहे, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. कच्चा माल रोखीने घ्यायचा, महिनाभर काम करायचे आणि बिलाचे पैसे चार महिन्यांनी मिळवायचे, अशी ज्याची रीत आहे त्याला ४० लाख पुरत नाहीत. अशा वेळी तो यंत्रासाठी घेतलेले मुदत कर्ज मालात घालतो, किंवा घेतलेले यंत्र मालाअभावी बंद राहते. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत आणि दोन्हींचे मूळ मंजुरीच्याच दिवशी पडलेले होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून ज्या गिऱ्हाइकांकडून पैसे यायचे आहेत त्यांची यादी, बिल किती दिवसांचे जुने आहे त्यानुसार मागावी. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, पण मोठे गिऱ्हाईक दुखावेल या भीतीने लहान कारखानदार तक्रार करत नाही. त्याला ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिल वटवण्याचा, म्हणजे बिलाचे पैसे मुदतीआधीच मिळवण्याचा, मार्ग दाखवणे हेही मी आपल्या कामाचाच भाग मानतो.

तारणाविना कर्जासाठी सीजीटीएमएसई या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या सरकारी हमी निधीची हमी २००० सालापासून उपलब्ध आहे. ती बँकेला संरक्षण देते, कर्जदाराची परतफेड माफ करत नाही. हे अर्ज घेतानाच मराठीत समजावून सांगावे, कारण ‘सरकारने हमी दिली आहे’ या शब्दांचा अर्थ अनेक जण वेगळा लावतात.

हप्ता थकल्यावर खाते ९० दिवसांनी अनुत्पादित (एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याचा धोका असलेले) ठरते, पण पहिल्या तीस दिवसांतच मालकाला भेटावे. एका फाउंड्रीचा हप्ता चुकला तेव्हा चौथ्या दिवशी मी गेलो. भट्टीची कॉइल जळाली होती आणि दुरुस्तीला तीन आठवडे लागणार होते. तेवढ्या काळाची तात्पुरती सोय वेळेवर मंजूर झाली आणि भट्टी पुन्हा सुरू झाल्यावर थकलेला हप्ता दुसऱ्याच महिन्यात भरला गेला.