केळं, कापूस, शेंगदाणा: कार्बोहायड्रेट-लिपिडचा धडा घरीच करून बघा

अकरावी-बारावीत पॉलिसॅकराइड (साखरेचे रेणू जोडून झालेली लांब साखळी) आलं की पोरं षटकोनांची माळ पाठ करत बसतात. आपल्या जळगाव-रावेरकडं या धड्याचं सामान शेतातच पडलंय भो, पाठ कशाला करता.

मेडिकलमधून पोविडोन आयोडीनची छोटी बाटली आणा, वाटीत थोडं पाणी घेऊन त्यात थेंब थेंब टाका, फिक्या चहासारखा रंग आला की बास. आता एकाच फणीतलं एक केळं हिरवं असतानाच कापायचं, दुसरं अर्धवट पिकल्यावर आणि तिसरं सालीवर काळे ठिपके आले की. चकत्या स्टीलच्या ताटलीत ठेवून वरून थेंब टाका (कागदावर नको, बऱ्याच कागदांना स्टार्च लावलेला असतो, मग कागदच निळा होऊन घोळ होतो). हिरव्याची चकती निळी-काळी पडते, ठिपकेवाल्याला फारसा रंग चढतच नाही. कच्च्या केळ्यात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो, पिकताना एन्झाइम तो तोडून साखर करतात. स्टार्चमधला अमायलोज स्प्रिंगसारखा वळलेला असतो आणि आयोडीन त्या वेटोळ्यात जाऊन बसतं, रंग येतो तो तिथून. तपासलेलं केळं खाऊ नका, फेकून द्या.

आता तोच थेंब कापसावर टाका. शेतातलं बोंड घ्या नाहीतर मेडिकलचा कापूस, पण इस्त्रीवाल्याकडून कडक करून आणलेला शर्ट घेऊ नका, तो खळीमुळं निळा होईल आणि आईच्या शिव्या वेगळ्या. कापूस निळा होत नाही. खरी गंमत इथं आहे, कारण कापूस म्हणजे जवळपास सगळा सेल्युलोज आणि सेल्युलोजही स्टार्चसारखा ग्लुकोजचाच बनतो, फक्त जोड वेगळा. स्टार्चमध्ये अल्फा जोड म्हणून साखळी वळते, सेल्युलोजमध्ये बीटा जोड, त्यामुळं साखळ्या सरळ राहतात, एकमेकींना हायड्रोजन बंधांनी चिकटतात आणि पक्का धागा होतो. दादरच्या (आपल्याकडच्या रब्बी ज्वारीच्या) भाकरीचा घास बराच वेळ चावला तर थोडा गोड लागतो कारण लाळेतलं अमायलेज अल्फा जोड तोडतं, कापूस दिवसभर चावला तरी गोड लागायचा नाही. बैल कडब्यातला सेल्युलोज पचवतो तोसुद्धा पोटातल्या जंतूंच्या जिवावर.

लिपिडसाठी (म्हणजे तेल-तुपासारख्या स्निग्ध पदार्थांसाठी) शेंगदाणा कागदावर रगडा आणि शेजारी पाण्याचा थेंब टाका, पाण्याचा डाग वाळतो, तेलाचा राहतो. दाण्यात जवळपास निम्मं तेलच, आणि एक ग्रॅम तेलातून 9 किलोकॅलरी निघतात, स्टार्चमधून 4, म्हणून एवढ्याशा बीमध्ये रोपाची शिदोरी मावते. थंडीत तूप गोठतं आणि शेंगदाण्याचं तेल पातळच राहतं, कारण तुपात सॅच्युरेटेड (डबल बाँड नसलेली) फॅटी ॲसिड जास्त, ती सरळ असल्यानं दाटीनं रचली जातात. तेलातल्या बऱ्याच साखळ्यांना डबल बाँडपाशी बाक असतो.

शेवटी बाटलीत तेल-पाणी हलवून ठेवा, दोन थर होतील. मग अंड्याचा पिवळा बलक घालून परत हलवा, आता लवकर वेगळं होत नाही. बलकातलं लेसिथिन हे फॉस्फोलिपिड आहे, त्याचं डोकं पाण्याकडं आणि शेपट्या तेलाकडं. पेशीच्या पडद्यात हेच रेणू शेपट्या आत करून दोन थरांत उभे असतात, परीक्षेत ती आकृती काढायची असते आणि तिला मार्कही बरे मिळतात.