साइटवर बॉट घुसलेत? आयपी ब्लॉक करत बसू नका

ट्रॅफिक अचानक वाढलं आणि ते बॉटचं, म्हणजे आपोआप साइट उघडणाऱ्या प्रोग्रॅमचं, आहे हे कळलं की कुणालाही विचारा, पहिला सल्ला ठरलेला असतो, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बघ आणि ब्लॉक कर. प्लीज असं करू नका, त्यात बॉट सुटतात आणि वाचक अडकतात. का ते खाली सांगतो. तुमची साइट वर्डप्रेसवर आहे आणि पुढे क्लाउडफ्लेअरचा (सर्व्हरच्या आधी रिक्वेस्ट गाळणारी सेवा) फुकट प्लॅन आहे असं धरून चालतोय.

आधी बॉट खरंच तुमच्या सर्व्हरवर येतायत का ते बघा. गूगल ॲनालिटिक्स आधीच माहीत असलेले बॉट आपोआप वगळतं, पण ते ठरलेल्या यादीवरून, त्यामुळे स्वतःला साधा क्रोम म्हणवणारा बॉट मोजला जातोच. एकाच शहरातून लोंढा, सगळं डायरेक्ट, थांबायचा वेळ शून्य सेकंद, असं दिसलं की त्याच तासांचा सर्व्हरचा ॲक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंद, उघडा. लॉगमध्ये त्या भेटीच नसतील तर कुणीतरी तुमचा मेजरमेंट आयडी (ॲनालिटिक्समधला तुमच्या साइटचा नंबर) वापरून खोटे हिट परस्पर गूगलकडे पाठवतंय, आणि त्यावर जगातली कुठलीही फायरवॉल चालत नाही. रिपोर्टमध्ये ते शहर वगळून आकडे वाचा आणि पुढचं सोडून द्या.

लॉगमध्ये दिसले तर ते काय मागतायत ते बघा. एक्सएमएल-आरपीसीच्या (बाहेरच्या ॲपना वर्डप्रेसशी बोलायचा जुना मार्ग) फाइलवर मारा असेल तर ती बंद करा, फक्त जेटपॅक प्लगिन किंवा वर्डप्रेसचं मोबाईल ॲप वापरत असाल तर त्यांना ती लागते. लॉगिन आणि फॉर्मला टर्नस्टाइल (क्लाउडफ्लेअरची माणूस की बॉट ही तपासणी) लावा. बॉटनी कुठे जाऊ नये ते लिहितात त्या रोबोट्स फाइलमध्ये ओळी वाढवून स्पॅमवाले थांबत नाहीत, १९९४ पासून ती पद्धत ऐच्छिकच आहे आणि २०२२ च्या अधिकृत स्टँडर्डमध्येही स्पष्ट लिहिलंय की हा प्रवेश रोखायचा मार्ग नाही.

आता खरं अवघड काम, अडवायचं कुणाला. मला सगळ्यात जास्त दमवलं ते यानेच, म्हणून नीट सांगतो.

आपल्याकडे बहुतेक लोक मोबाईल डेटावर वाचतात आणि मोबाईल कंपन्या एका आयपीव्ही४ पत्त्यामागे खूप ग्राहक बसवतात, म्हणजे तुम्ही एक आयपी ब्लॉक केला की त्याच्यासोबत कितीतरी खरे वाचक बाहेर, आणि ते तुम्हाला कळवणारही नाहीत, साइट उघडत नाही म्हणून दुसरीकडे जातील. उलट बॉटवाला लोकांच्या घरातल्या कनेक्शनवरून प्रॉक्सी फिरवत असतो, तो पुढच्या रिक्वेस्टला नवा आयपी घेऊन येतो. देश ब्लॉक करा म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. न्यू जर्सी, दुबई, सिंगापूरला मराठी वाचणारी माणसं आहेत, आणि सर्चसाठी साइट वाचणारा गूगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो, अमेरिका बंद केलीत तर सर्चमधून साइट जाईल. युजर एजंटवर, म्हणजे येणारा स्वतःचं जे नाव सांगतो त्यावर, पण जाऊ नका, तिथे गूगलबॉट असं कुणीही लिहू शकतं. खरा गूगलबॉट ओळखायचा तर आयपीवरून रिव्हर्स डीएनएसने नाव काढा, ते गूगलच्याच डोमेनचं आहे का बघा, मग त्या नावावरून परत तोच आयपी येतो का बघा. दोन्ही जुळलं तरच खरा.

मला ज्याने खरा फरक दिसला ती गोष्ट म्हणजे एएसएन, म्हणजे आयपी कुठल्या नेटवर्कचा आहे त्याचा नंबर. घरबसल्या वाचणारा माणूस सहसा डेटा सेंटरमधून येत नाही. लॉगमधले जास्त रिक्वेस्ट करणारे आयपी काढा आणि त्यांचे एएसएन शोधा. ॲमेझॉनचा १६५०९, डिजिटलओशनचा १४०६१, हेट्झनरचा २४९४०, ओव्हीएचचा १६२७६, असे नंबर दिसतील. पण माझी यादी उचलून टाकू नका, तुमच्या लॉगमध्ये जे आहेत तेच घ्या. मग क्लाउडफ्लेअरमध्ये कस्टम रूल करा, एएसएन या यादीत आहे आणि तो नोन बॉट (क्लाउडफ्लेअरने तपासलेला चांगला बॉट) नाही, तर मॅनेज्ड चॅलेंज (आत सोडायच्या आधी माणूस आहे का ही तपासणी). नोन बॉटची अट विसरलात तर चांगले सर्च इंजिन पण अडकतील.

आणि चॅलेंजच ठेवा, ब्लॉक नाही. व्हीपीएन वापरणारा, ऑफिसच्या क्लाउड प्रॉक्सीतून येणारा माणूस पण डेटा सेंटरचाच दिसतो, त्याला चॅलेंजमधून आत येता येतं, ब्लॉकमधून नाही. मशीनला मात्र चॅलेंज सोडवता येत नाही, म्हणून पेमेंट गेटवे पैसे मिळाल्याचं ज्यावर कळवतो त्या वेबहुकचा पत्ता आणि आरएसएस फीड या रूलमधून वगळा, नाहीतर गिऱ्हाइकाचे पैसे कटतील आणि ऑर्डर पेंडिंगच दिसत राहील. हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत आणि दुकान चालवणाऱ्याचं नुकसान इथेच होतं.

अजून एक अट, ही आधीच तपासा. क्लाउडफ्लेअर पुढे असलं की लॉगमध्ये सगळे आयपी क्लाउडफ्लेअरचेच दिसतात. सर्व्हरला खरा आयपी क्लाउडफ्लेअर रिक्वेस्टसोबत पाठवतं त्या हेडरमधून घ्यायला सांगा, अपाचीत रिमोटआयपी मॉड्यूल आहे, एनजिनएक्समध्ये रिअलआयपी. ते केलं नाही आणि फेलटूबॅन (संशयास्पद आयपी आपोआप ब्लॉक करणारा प्रोग्रॅम) किंवा सिक्युरिटी प्लगिन चालू असेल तर ते क्लाउडफ्लेअरचेच पत्ते ब्लॉक करतं आणि साइट सगळ्यांनाच बंद पडते. सर्व्हरचा मूळ पत्ता बॉटवाल्याला माहीत असेल तर तो थेट तिथे येतो, म्हणून फायरवॉलमध्ये वेबसाठी फक्त क्लाउडफ्लेअरचे पत्ते चालू ठेवा. शेअर्ड होस्टिंगवर हे तुमच्या हातात नसतं, होस्टवाल्यांना विचारा.

रूल लावल्यावर आठवडाभर दोन गोष्टी बघत राहा. क्लाउडफ्लेअर प्रत्येक रूलसमोर चॅलेंज किती टक्के सुटलं ते दाखवतं, तो आकडा वाढत असेल तर तुम्ही माणसं अडवताय, ज्या एएसएनवरून ती येतायत ते यादीतून काढा. आणि गूगल सर्च कन्सोलच्या क्रॉल स्टॅट्समध्ये चारशेच्या घरातले (४०३ सारखे, म्हणजे नकाराचे) एरर एकदम वाढले तर रूल लगेच बंद करून नोन बॉटची अट परत तपासा.