दुसऱ्या गाडीतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला, आता गाडी हलत नाही? परत उतरवण्याआधी हे बघा

गिअरबॉक्स बसवून झाला, इंजिन सुरू झालं, ड्राइव्हला टाकलं आणि गाडी जागची हललीच नाही, किंवा हलली पण थेट तिसऱ्या गिअरमध्येच उचलतेय. अशा वेळी बहुतेक जण पहिलं म्हणतात की माल खराब निघाला, खाली उतरवा. थांबा जरा. आधीच्या गाडीत तो चालवून बघून घेतला असेल तर आतले क्लच नुसत्या उतरवण्या-चढवण्याने जळत नाहीत. बदललंय ते आजूबाजूचं सगळं, म्हणजे ऑइल, टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा ड्रम) बसणं, लिंकेज (शिफ्टरपासून गिअरबॉक्सपर्यंतची केबल आणि लिव्हर), कूलरच्या लाइन, वायरिंग, कॉम्प्युटर. त्यामुळे शोध बाहेरून आत करत जायचा. आणि कारण सापडेपर्यंत रेस देऊन गाडी पुढे ढकलायचा प्रयत्न अजिबात करू नका, चांगल्या गिअरबॉक्सचे क्लच बहुतेक तिथेच जळतात.

आधी लक्षण नीट बघा. पुढचे आणि रिव्हर्स सगळेच गिअर एकदम गेलेत तर संशय ऑइल, पंप, कन्व्हर्टर किंवा लिंकेजवर घ्या. एकच गिअर गेलाय आणि बाकी ठीक आहेत तर सोलेनॉइड (गिअर बदलणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), त्याची वायर, नाहीतर आतला एखादा क्लच. गाडी मजबूत स्टँडवर घ्या, फोर व्हील असेल तर चारही चाकं वर, खाली कुणी वाकलेलं नाही याची खात्री करा आणि ड्राइव्हला टाकून लांबून बघा की गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट फिरतोय का. शाफ्ट फिरतोय आणि गाडी जमिनीवर हलत नाही, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या बाहेर आहे. फोर व्हीलमध्ये ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) न्यूट्रलला राहिलेला असतो, फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये एका बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट पूर्ण आत बसलेला नसतो, आणि एक बाजू सुटली की डिफरन्शियल सगळी ताकद तिकडेच फुकट घालवतो.

शाफ्ट फिरतच नसेल तर ऑइल. इथे खूप जण फसतात कारण मॅन्युअलमधला आकडा बऱ्याचदा फक्त पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) खाली करून भरायचा असतो, कोरड्या कन्व्हर्टरसकट भरायचा नसतो. उदाहरणार्थ जनरल मोटर्सच्या ४एल६०ई गिअरबॉक्सला पॅन उतरवून बदलताना ५ लीटरच्या आसपास लागतं, पण मोठा कन्व्हर्टर असलेला पूर्ण कोरडा गिअरबॉक्स १० लीटरच्या वर पितो. म्हणून थोडं भरा, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमधून सावकाश फिरवा, परत बघा, परत भरा. लेव्हल बहुतेक गाड्यांत गरम आणि इंजिन चालू असताना पार्कमध्ये बघतात, काहींत न्यूट्रलमध्ये, होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावर लगेच. ज्यांना डिपस्टिकच नाही त्यांची लेव्हल बाजूच्या प्लगमधून, ऑइल ठरलेल्या तापमानाला असताना बघायची, म्हणजे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचा डेटा वाचणारं यंत्र) हवाच. आणि डिपस्टिक तिच्या नळीसकट त्याच गिअरबॉक्सची आहे ना? दुसऱ्या गाडीची नळी लावली की रीडिंग बिनधास्त खोटं येतं. खोल पॅन लावून फिल्टर उथळ पॅनचाच ठेवला तर फिल्टर हवा ओढतो, ऑइलला फेस येतो आणि पंप शिट्टीसारखा आवाज करतो, फिल्टरचा सील नीट बसला नसेल तरी हेच. ऑइलचा ग्रेड गिअरबॉक्सच्या कंपनीने सांगितलेला घ्यायचा, आता तो कुठल्या गाडीत बसलाय त्याचा इथे काही संबंध नाही.

लेव्हल बरोबर आहे तरी काहीच नाही, तर मग कन्व्हर्टर, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण इथली चूक दुरुस्तीला महाग पडते. कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत ढकलताना तो साधारण तीन टप्प्यांत खाली बसतो, इनपुट शाफ्ट, स्टेटर आणि शेवटी पंप. शेवटचा टप्पा राहिला आणि तसंच बेल हाउसिंगचे (कन्व्हर्टरवरचं, इंजिनला जोडलं जाणारं कवच) बोल्ट ओढून आवळले तर पंप फुटतो. बरोबर बसलेला असेल तर बेल हाउसिंग इंजिनला पूर्ण टेकल्यावरही कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो आणि तो आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनच्या क्रँकला लावलेली चकती) यांच्यात साधारण ३ ते ५ मिलिमीटर फट राहते, बोल्ट लावताना त्याला तेवढं पुढे आणायचं असतं. फट शून्य असेल तर इंजिन सुरू करू नका. फट फारच जास्त असेल तर कन्व्हर्टर पुढे आल्यावर पंपमधून अर्धवट बाहेर राहतो, तिथे योग्य जाडीचे स्पेसर लागतात. बेल हाउसिंगच्या डॉवेल पिना पण बघा, त्या जुन्या इंजिनलाच राहून जातात आणि मग गिअरबॉक्स जरा तिरका बसून पुढचा सील आणि पंपाचा बुश खातो.

लिंकेज तपासायला केबल गिअरबॉक्सच्या बाजूने सोडा आणि लिव्हर हाताने हलवा. प्रत्येक खाचेत टक् असं जाणवलं पाहिजे. हाताने चालतो आणि केबल जोडली की चालत नाही, तर केबलचं सेटिंग चुकलंय किंवा शिफ्टर दुसऱ्या गिअरबॉक्सचा आहे. खाच अर्धवट राहिली की आतला मॅन्युअल व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो, प्रेशर कमी मिळतं आणि क्लच घसरून जळतात.

जुन्या हायड्रॉलिक गिअरबॉक्सवाल्यांनो, जनरल मोटर्सचा ७००आर४ किंवा २००-४आर असेल तर थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल बरोबर सेट झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढूच नका. ती फक्त किकडाउनची (जोरात रेस दिल्यावर खालचा गिअर पाडणारी) केबल नाहीये, लाइन प्रेशर, म्हणजे क्लच दाबून धरणारं ऑइलचं प्रेशर, तिच्यावर चालतं, आणि सैल राहिली तर थोडंसं चालवूनही क्लच जातात. दुसऱ्या इंजिनचा कार्ब्युरेटर असेल तर त्याच्या लिव्हरचा कोनही जुळावा लागतो, नुसती केबल अडकवून भागत नाही. टीएच३५० आणि टीएच४०० या जुन्या गिअरबॉक्सना व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या व्हॅक्यूमवरून प्रेशर ठरवणारा भाग) असतो, त्याला इंजिनचं व्हॅक्यूम मिळालं नाही तर गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात. त्या नळीत लाल ऑइल दिसलं तर डायाफ्राम फाटलाय.

इलेक्ट्रॉनिक असेल तर वायरिंगवर वेळ घाला. ४एल६०ई चे दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद असले की तिसरा गिअर पडतो, ४एल८०ई मध्ये तसंच झालं की दुसरा. म्हणजे गाडी कायम एकाच गिअरमध्ये आणि गिअरमध्ये टाकताना जोरात झटका, तर आधी फ्यूज, १२ व्होल्ट सप्लाय, मोठा कनेक्टर आणि अर्थिंग मीटरने बघा. इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी गिअरबॉक्स बदलताना हमखास विसरली जाते आणि मग करंट शिफ्टर केबलसारख्या भलत्या वाटेने जातो. कॉम्प्युटरला थ्रॉटलचा सिग्नल शून्यापासून पूर्णपर्यंत नीट दिसतोय का, स्पीड सेन्सरच्या दात्यांची संख्या प्रोग्रॅमशी जुळते का, पार्क-न्यूट्रलचा सिग्नल बरोबर येतो का हे स्कॅनरच्या लाइव्ह डेटात बघा. कोड वाचताना पी०७०० एकटा बघून काही कळत नाही, तो फक्त सांगतो की ट्रान्समिशन कंट्रोलरमध्ये वेगळा कोड पडलाय. पी०७०५ रेंज सेन्सर (लिव्हर कुठल्या खाचेत आहे ते सांगणारा), पी०७१५ इनपुट स्पीड, पी०७२० आउटपुट स्पीड, यू०१०१ म्हणजे कंट्रोलरशी बोलणंच तुटलंय. बऱ्याच नवीन गाड्यांत कंट्रोलर गिअरबॉक्सच्या आतच असतो, त्याचं कोडिंग आणि अडॅप्टेशन (शिकवून जुळवून घेणं) नव्या गाडीला करावंच लागतं.

कूलर जुनाच असेल तर फ्लश करा, नाहीतर आधीच्या गिअरबॉक्सचा कचरा नव्यात जाईल. ऑइल गुलाबी दुधासारखं झालंय तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट मिसळलंय, तेव्हा इंजिन लगेच बंद.

एवढं करूनही घसरत असेल तर टेस्ट पोर्टला प्रेशर गेज लावा, ३०० पीएसआयपर्यंतचा घ्या कारण रिव्हर्सला प्रेशर बरंच वर जातं. आकडे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडा. प्रेशर सगळीकडे कमी, आणि पॅनच्या मॅग्नेटवर बारीक राखाडी लेपाऐवजी धातूचे तुकडे सापडले, तर मग गिअरबॉक्स खाली उतरवायचा.