विचारायला माणूस हवा: मार्गदर्शक शोधण्याची आणि ते नाते टिकवण्याची रीत

आपल्या भागात सल्ल्याची कमतरता कधीच नव्हती. एसटी थांब्यावरच्या चहाच्या टपरीपासून तेरवीच्या पंगतीपर्यंत जो तो दुसऱ्याच्या मुलाने काय शिकावे आणि शेतात काय पेरावे हे सांगत असतो. कमतरता आहे ती अशा माणसाची, ज्याच्याकडे एखादा नेमका प्रश्न घेऊन पुन्हा पुन्हा जाता येते आणि जो मागच्या खेपेला काय ठरले होते ते आठवून त्याचे पुढे काय झाले असे विचारतो. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिच्यातून निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मजुरीवर चालणाऱ्या घरात तेवढ्या रकमेने मुलीची शाळा टिकते. तरीही उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला नाही एवढ्या कारणाने अर्ज राहून गेलेली हुशार मुले मी माझ्या मास्तरकीत वर्षानुवर्षे पाहिली. परीक्षेची सूचना त्या सर्वांच्या वर्गात वाचून दाखवली गेली होती. पण दाखला हातात पडेपर्यंत बापाच्या मागे लागणारे कोणी नव्हते. मार्गदर्शक म्हणजे तो मागे लागणारा माणूस, आणि असा माणूस कसा मिळवावा, कसा जपावा आणि वेळ आल्यावर आपण स्वतः तसे कसे व्हावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी प्रश्न, मग माणूस

मार्गदर्शक शोधायला निघालेला तरुण बहुधा ओळखीतल्या सर्वांत मोठ्या माणसाकडे जातो, पाया पडतो आणि म्हणतो, ‘सर, मला मार्गदर्शन करा.’ यावर समोरचा ‘मेहनत कर’ यापलीकडे काय सांगणार? म्हणून पहिले काम घरी बसून करायचे आहे. एक साधी वही घ्यावी आणि गेल्या वर्षभरात आपण जिथे जिथे अडलो ते प्रश्न एकेका ओळीत लिहून काढावेत. बहुतेकांच्या वहीत तीन-चार ओळींनंतर लक्षात येते की या सर्व प्रश्नांना उत्तर देणारा एकच माणूस असू शकत नाही. महाविद्यालयाच्या प्रवेशाचे विचारायला एक, शेतीचे विचारायला दुसरा आणि मन उदास झाले असता ज्याच्या ओट्यावर नुसते जाऊन बसावे असा तिसरा, अशी विभागणी केली तर कोणा एकावर भार पडत नाही आणि आपणही कोणा एकाच्या मुठीत जात नाही.

माणूस निवडताना वयापेक्षा अंतर पाहावे. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० आणि लेखीला १०० गुण असतात, आणि मुलांना १६०० मीटर धावावे लागते हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तयारी कशी करावी हे मात्र वीस वर्षांपूर्वी भरती झालेल्या जमादारापेक्षा दोन वर्षांपूर्वी निवडला गेलेला शेजारच्या गावचा मुलगा जास्त नीट सांगेल, कारण तो ज्या परीक्षेतून गेला ती अजून फारशी बदललेली नाही. माझे मत तर असे आहे की चार-पाच गुणांनी हुकलेल्या मुलालाही अवश्य भेटावे. निवड झालेल्याला आपण कशामुळे निवडले गेलो हे पुष्कळदा सांगता येत नाही. हुकलेल्याला मात्र आपले गुण कुठे गेले हे तोंडपाठ असते. त्याच्याकडे कोणी विचारायला जात नसल्याने तो वेळही मोकळ्या मनाने देतो.

जावे केव्हा आणि बोलावे काय

गावातल्या अनुभवी माणसाचा वेळ हंगामावर चालतो, हे शिकलेली मुले विसरतात. मृगाचा पाऊस पडून पेरणीची घाई सुरू असताना किंवा सोयाबीन सोंगणीला आली असताना कोणाच्याही दारात प्रश्न घेऊन उभे राहू नये. डवरणी-निंदण आटोपून पोळा झाला की सोंगणीपर्यंतचे काही आठवडे बरे सापडतात. शिक्षकांकडे परीक्षा संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यात जावे. तेव्हा त्यांच्या डोक्यावर निकालपत्रकाखेरीज ओझे नसते.

बोलताना प्रश्न इतका लहान ठेवावा की उत्तर देणाऱ्याला स्वतःचा अनुभव आठवावा लागेल. मोर्शी-वरुड पट्ट्यात एखाद्या तरुणाने जुन्या बागाईतदाराला ‘संत्र्याबद्दल सांगा’ म्हटले तर तासभर भावावर आणि व्यापाऱ्यांवर बोलणे होईल. त्याऐवजी त्याने असे विचारून पाहावे: ‘काका, मृग बहारासाठी तुम्ही बाग ताणावर केव्हा सोडली होती? आमची जमीन भारी आहे, म्हणून विचारतो.’ ताण म्हणजे फुले यावीत म्हणून बागेचे पाणी काही दिवस तोडणे. या प्रश्नात विचारणाऱ्याने आपली जमीन ओळखली आहे, बहार ठरवला आहे आणि भारी जमिनीत ओल जास्त दिवस टिकत असल्याने ताणाचा हिशेब बदलतो हेही त्याला कळते, असे काकांना दिसते. मग ते स्वतः उठून बाग दाखवायला नेतात.

पहिल्या भेटीत ‘तुम्ही माझे मार्गदर्शक व्हा’ असे म्हणू नये. ते शब्द जड आहेत आणि समोरच्याला त्यात जन्मभराची जबाबदारी दिसते. एक प्रश्न विचारावा, उत्तर त्यांच्यासमोरच वहीत लिहून घ्यावे आणि निघावे.

नाते खरे तर दुसऱ्या भेटीत सुरू होते. सांगितलेले आपण केले की नाही, केले असेल तर काय झाले, आणि केले नसेल तर का नाही, हे पंधरा-वीस दिवसांत जाऊन सांगावे. यातला तिसरा भाग सर्वांत अवघड, कारण न केल्याची लाज वाटून मुले तोंडच चुकवू लागतात आणि चांगली चांगली नाती तिथेच संपतात. मी नोकरीला लागलो तेव्हाचे आमचे मुख्याध्यापक माझा प्रत्येक अर्ज लाल शाईने दुरुस्त करून परत देत. एकदा त्यांनी सांगितलेली दुरुस्ती मला पटली नाही, म्हणून मी दोन महिने त्यांच्या खोलीकडे फिरकलो नाही. शेवटी त्यांनीच बोलावून विचारले, ‘नाही पटलं तर तसं सांगायला काय झालं होतं, गुरुजी?’ त्यानंतर मी न पटलेलेही सांगू लागलो, आणि माझे अर्ज सुधारले ते तेव्हापासून.

श्रद्धेच्या वाटेवर

आपल्याकडे मार्गदर्शक म्हटले की गुरू हा शब्द आपोआप येतो, आणि अमरावती जिल्ह्यात तर या शब्दाला फार मोठी परंपरा आहे. रिद्धपूरचे गोविंदप्रभू हे चक्रधरस्वामींचे गुरू. त्यांच्या महानुभाव पंथातली महदाइसा, जिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात, ती ओळखली जाते तिच्या सतत प्रश्न विचारण्याच्या सवयीसाठीही. यावलीच्या माणिकला वरखेडच्या आडकोजी महाराजांनी ‘तुकड्या’ म्हटले. पुढे १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा करणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ते नाव आयुष्यभर आपल्या भजनांतून मिरवले. याच मातीतल्या गाडगेबाबांनी मात्र आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही अशीच भूमिका घेतली, तरी त्यांच्या खराट्यामागे आणि कीर्तनामागे गावे चालत गेली. एवढ्या लहान टापूत एकीकडे गुरूने दिलेले नाव मिरवणारा संत आणि दुसरीकडे शिष्यत्वच नाकारणारा संत झाला, याकडे श्रद्धेच्या क्षेत्रात मार्गदर्शन शोधणाऱ्याने लक्ष द्यावे: एकच साचा पाळण्याची सक्ती आपल्या परंपरेनेही केलेली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भाच्या गावागावांत विहारे उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर एक अतिशय नेमका शब्द आपल्याकडे आला: कल्याणमित्र. संयुत्त निकाय या पाली ग्रंथात बुद्धांचा शिष्य आनंद तथागतांना म्हणतो की कल्याणमित्रता हे निम्मे ब्रह्मचर्य आहे, आणि तथागत त्याला दुरुस्त करतात की निम्मे नव्हे, ते संपूर्णच आहे. येथे ब्रह्मचर्य म्हणजे धम्माचे सगळे आचरण. मला यात ‘मित्र’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो, कारण मित्राला उलट विचारता येते.

तेव्हा भजनी मंडळ असो, विहारातले वंदनेचे वर्ग असोत की महाराजांचा मठ, ज्याच्याकडे तुम्ही मनातले घेऊन जाणार आहात त्याला काही दिवस लांबून पाहा. प्रश्न विचारणाऱ्याशी तो कसा वागतो, घरच्यांना किंवा डॉक्टरांना न सांगण्याची अट तो घालतो का, दक्षिणेचा आकडा कोण ठरवते, त्याच्याकडे जाणाऱ्यांना इतर कोणाकडे जाण्याची मोकळीक असते का? यांपैकी एकाही बाबतीत शंका आली तर नाते वाढवू नये. आजार बरा करण्याच्या किंवा गुप्तधन काढून देण्याच्या नावाखाली अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा ठिकाणी श्रद्धेचा प्रश्न उरतच नाही.

कामधंद्यात

गॅरेजमध्ये, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात किंवा ट्रकवर शिकणाऱ्या पोराला मार्गदर्शक हा शब्द माहीत नसतो. त्याचा उस्ताद असतो. ही पद्धत अजूनही सर्वांत खात्रीची आहे, कारण चूक झाली की पाना हातात असतानाच ती दाखवली जाते. तिच्यात दोन उणिवा आहेत. शिकण्याची मुदत ठरलेली नसते आणि शिकाऊ पोराच्या हातावर काय पडणार हेही ठरलेले नसते, त्यामुळे तीन-तीन वर्षे पाने पुसण्यात जातात. उस्तादाकडे पाठवतानाच बापाने किंवा मामाने समोर बसून किती महिन्यांत काय शिकवणार आणि रोजी काय देणार हे बोलून घ्यावे. त्यात संकोच कसला? उस्तादालाही बोललेले बरे पडते.

सोबत राहून शिकवण्याची ताकद किती असते याचे आपल्या भागातले उत्तम उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यातल्या स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, त्याचे वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि उपचार करायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: ज्या ३९ गावांत हे काम झाले तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला. या स्त्रियांचे शालेय शिक्षण बेताचे होते. प्रशिक्षण देऊन त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. त्यांचे काम गावात जाऊन नियमितपणे तपासले जात राहिले. बचत गटाची सचिव असो, नवी आशा सेविका असो की ग्रामपंचायतीत पहिल्यांदा निवडून आलेली सदस्य, तिला एका दिवसाच्या शिबिरापेक्षा पहिले सहा महिने दर पंधरवड्याला कोणीतरी शेजारी बसून रजिस्टर पाहणे जास्त उपयोगाचे ठरते.

आपल्यावर पाळी आली तर

कधीतरी एखादा मुलगा वही घेऊन तुमच्या दारात उभा राहील. त्याला आपल्या काळाचे उत्तर देऊ नये. मी ही चूक केली आहे. २००९ च्या सुमारास एका चांगल्या विद्यार्थ्याला मी ठासून सांगितले की डी.एड. कर, मास्तरकीला मरण नाही. त्याच्या वडिलांनी एक एकर गहाण ठेवून फी भरली. २०१२ मध्ये राज्याने नवीन शिक्षकभरती थांबवली आणि तो मुलगा कित्येक वर्षे पदविका कपाटात ठेवून कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसला. माझा सल्ला माझ्या १९८० च्या दशकातल्या अनुभवावर उभा होता, आणि तेवढे तरी मी त्याला सांगायला हवे होते. आता कोणी विचारले तर मी आधी माझी माहिती कोणत्या सालची आहे हे सांगतो आणि त्या क्षेत्रात आज असलेल्या एखाद्याचे नाव देतो.

मुलींना शिकवताना भेट ग्रामपंचायतीच्या सभागृहात, अंगणवाडीत किंवा विहारात, चार लोकांच्या वावरात आणि उजेडी ठेवावी आणि तिच्या घरी ती माहीत असावी. हे तिच्या सुरक्षिततेसाठी आहे. शिवाय बोलणाऱ्यांची तोंडे बंद राहिली तरच तिचे येणे चालू राहते. शिकणाऱ्याकडून शेतातली किंवा घरातली कामे फुकट करून घेऊ नयेत, आणि तो आपल्याला सोडून पुण्याला किंवा नागपूरला दुसऱ्या कोणाकडे शिकू लागला तर रागावू नये. उलट त्या नव्या माणसाला आपणहून फोन करून या मुलाचे कुठे अडते ते सांगावे.

काही गावांत विचारावे असा एकही माणूस सापडत नाही, विशेषतः जिथले शिकलेले सगळे बाहेर गेले आहेत तिथे. अशा ठिकाणी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाची रीत उचलावी. तिथे निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो, पण त्याआधी विषय समजून घ्यायला वेगळा अभ्यासगट बसतो, त्यात बाहेरचा जाणकार बोलावला जातो आणि त्याने माहिती द्यायची, ठरवायचे मात्र गावाने. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे असे पुष्कळ बसणे होते. पाच-सहा तरुणांनी शनिवारी संध्याकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात बसावे, प्रत्येकाने वहीतला एक प्रश्न मांडावा आणि महिन्यातून एकदा कृषी सहायक, बँकेचा माणूस किंवा भरती झालेला मित्र यांपैकी एकाला बोलवावे. त्याला यायला-जायला एसटीचे भाडे वर्गणीतून द्यावे आणि शेवटची गाडी सुटण्याआधी त्याला मोकळे करावे.