बेळगाव की पुणे-कोल्हापूर? कॉलेज निवडताना या चुका टाळा

निकाल लागला की सीमाभागातल्या घराघरांतून इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल एकच प्रश्न येतो: "सीईटीला पर्सेंटाइल चांगला आलाय, पुण्यात सीट मिळेल ना?" याचं उत्तर पर्सेंटाइलमध्ये नसतं. ते पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी शाळेच्या रजिस्टरमध्ये लिहिलं गेलेलं असतं, आणि बहुतेकांनी ते रजिस्टर त्यानंतर कधी बघितलेलंच नसतं.

खानापूर तालुक्यातल्या एका मुलाची गोष्ट घ्या. घरात मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. पहिलीला इंग्लिश मीडियममध्ये घातलं, फॉर्म क्लार्कने भरला, मातृभाषेच्या रकान्यात 'कन्नड' लिहिलं आणि वडिलांनी न वाचता सही केली. महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, मुलाने उत्तम मार्क काढले. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मुलांसाठी 'टाइप-ई' ही वेगळी पात्रता आहे. गाव वादग्रस्त 865 गावांच्या यादीत हवं, दहावी-बारावीचं शिक्षण त्याच भागातलं हवं आणि मातृभाषा मराठी हवी. गाव यादीत होतं. मातृभाषेच्या दाखल्यासाठी रजिस्टर उघडलं आणि सगळं तिथेच अडलं. मुख्याध्यापक रजिस्टरबाहेरचं काही लिहून द्यायला तयार नव्हते, आणि त्यांचं चूकही नव्हतं. दुरुस्तीसाठी शाळा, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिस, पुन्हा शाळा असं करेपर्यंत कागद तपासणीची मुदत संपली. टाइप-ई गेली की बेळगावचा मुलगा महाराष्ट्राच्या लेखी परराज्यातला. राज्याच्या कोट्यातल्या जागा त्याला बंद.

म्हणून मूल नववीत असतानाच शाळेत जा आणि रजिस्टरमधल्या पाच नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा: नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, मातृभाषा. "सर म्हणाले सगळं बरोबर आहे" हे चालत नाही. एसएसएलसीचं (कर्नाटकातल्या दहावीचं) मार्क्स कार्ड छापून येण्याआधी दुरुस्ती एका अर्जावर होते, नंतर चपला झिजतात. दाखले त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच घ्या. शेजारच्या पोराचा दोन वर्षांपूर्वीचा फॉर्म झेरॉक्स करून भरणाऱ्यांना काय म्हणावं!

दुसरा घोळ जातीच्या दाखल्याचा. मराठा समाज कर्नाटकात 3-बी या मागास प्रवर्गात आहे, महाराष्ट्रात 2024 पासून एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्गात. "आम्ही तेच मराठे, मग दाखला का चालत नाही?" म्हणून भांडणारे पालक दरवर्षी भेटतात. भावना खरी आहे, पण एका राज्याचं आरक्षण दुसऱ्या राज्यात सोबत येत नाही. एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे कर्नाटकातल्या कॉलेजचा तुमच्या प्रवर्गाचा गेल्या वर्षीचा कट-ऑफ, उजवीकडे महाराष्ट्रातल्या कॉलेजचा खुला कट-ऑफ. बहुतेक घरं दोन्हीकडे प्रवर्गाचाच आकडा बघतात आणि फसतात. नाडकचेरीच्या (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयाच्या) दाखल्यावरचा आरडी नंबर केसीईटीच्या, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेच्या, अर्जात लागतो, तेव्हा त्यावरचं नाव मार्क्स कार्डशी जुळवून घ्या. एकीकडे आडनाव आधी आणि दुसरीकडे शेवटी, हा आपल्याकडचा नेहमीचा गोंधळ आहे.

पुण्याच्या नादात घरची, म्हणजे कर्नाटकातली, सवलत विसरणं ही तिसरी चूक. केसीईटीत ग्रामीण कोटा 15 टक्के आहे. पहिली ते दहावी, पूर्ण दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. माध्यम मराठी असलं तरी चालतं. कन्नड माध्यमाचा 5 टक्के कोटा वेगळा आहे. ग्रामीण कोट्यात शाळा कुठे आहे ते बघतात, घर नाही. घर उचगावात आणि शाळा बेळगाव शहरात असेल तर कोटा नाही. "सातवीला एक वर्ष मावशीकडे शहरात ठेवला होता" हे एक वर्षसुद्धा कोटा घालवतं. वडिलांच्या नोकरीमुळे प्राथमिक शिक्षण महाराष्ट्रात झालं असेल तर कर्नाटकातल्या जागांच्या पात्रतेसाठी आणखी एक हिशेब करा: पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकात, शिवाय एसएसएलसी किंवा सेकंड पीयूसी (बारावी) इथली. कुठल्या शाळेत किती वर्षं शिकला ते सांगणारी स्टडी सर्टिफिकेटं दहावीच्या सुट्टीतच गोळा करा.

परीक्षेचंही तसंच. केसीईटीच्या इंजिनिअरिंग रँकमध्ये निम्मा वाटा सेकंड पीयूसीच्या भौतिक, रसायन, गणिताच्या मार्कांचा असतो. बोर्डाला भरघोस मार्क घेणारा पण घड्याळाला घाबरणारा मुलगा इथे तरतो. महाराष्ट्रात फक्त सीईटी मोजतात: 200 मार्क, गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, एकेक प्रश्न दोन मार्कांचा. त्यात अकरावीचा वाटा 20 टक्के, आणि प्रश्न बालभारतीच्या पुस्तकांना धरून. पीयूसीच्या पुस्तकांवरच दोन्ही परीक्षा मारू म्हणणाऱ्यांनी निदान बालभारतीची अनुक्रमणिका तरी शेजारी ठेवून बघावी.

कन्नडच्या भीतीने व्हीटीयू (कर्नाटकचं तांत्रिक विद्यापीठ) सोडू नका. कन्नड न येणाऱ्यांसाठी 'बळके कन्नड' हा एका क्रेडिटचा पेपर आहे, रोजच्या बोलण्यापुरता.

केसीईटीत सीट लागल्यावर चॉइस 1 ते 4 चे अर्थ वाचल्याशिवाय बटण दाबू नका. 4 म्हणजे प्रवेशप्रक्रियेतून बाहेर. महाराष्ट्रात पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्का होतो, तेव्हा 'बघू तरी' म्हणून नावापुरतं कॉलेज वर टाकू नका.

टीसी एकच असते. ती हातात आली की आधी चांगल्या स्कॅन आणि साक्षांकित प्रती, मगच कुठे जमा करायची ती करा.

निपाणीकरांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, म्हणून रोज ये-जा करायचा बेत असतो. मुलींचा कर्नाटकच्या शक्ती योजनेतला मोफत बसप्रवास कोल्हापूरपर्यंत नेत नाही, त्यामुळे तिकिटाचा वर्षाचा खर्च आधीच मांडा. सीमेवर वातावरण तापलं की एसटी आणि कर्नाटकच्या बस दोन्ही थांबतात. डिसेंबर 2022 आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तेच झालं. परीक्षेच्या आठवड्यात कोल्हापुरात मुक्काम करता येईल असं एखादं नातेवाइकाचं घर किंवा खोली प्रवेशाआधीच बघून ठेवा.